जुन्या होम कॉम्प्युटरमधली कस्टम चिप बदलताना

१९८०च्या दशकातला कोणताही होम कॉम्प्युटर उघडला की आत दोन प्रकारच्या चिप्स दिसतात. पहिल्या सर्वसाधारण: ७४ मालिकेतल्या लॉजिक चिप्स, ४१६४ किंवा ४११६ रॅम, झेड८० प्रोसेसर. त्या अनेक कंपन्यांनी बनवल्या आणि आजही सापडतात. दुसऱ्या त्या कॉम्प्युटरपुरत्याच बनवून घेतलेल्या, म्हणजे कस्टम: कमोडोर ६४ मधली चित्र काढणारी व्हिक-२ आणि आवाज काढणारी सिड, झेडएक्स स्पेक्ट्रमसाठी फेरांटीने बनवलेली, चित्र आणि क्लॉक सांभाळणारी यूएलए, अटारीच्या अँटिक आणि पोकी, अमिगातल्या ॲग्नस, डेनिस आणि पॉला. या चिप्स आता कुणी बनवत नाही. कमोडोर १९९४ मध्ये दिवाळखोरीत गेली. आज मिळणारी अस्सल चिप एक तर जुन्या साठ्यातली असते, नाहीतर दुसऱ्या एखाद्या यंत्रातून काढलेली.

म्हणून माझा पहिला नियम: कस्टम चिपवर संशय घ्यायचा तो सगळ्यांत शेवटी, आणि ती काढायची ती सगळ्यांत हळू. पुढची सगळी पद्धत या नियमावरच उभी आहे. उदाहरणे मुख्यतः कमोडोर ६४ ची घेतली आहेत, कारण दुरुस्तीला तोच सर्वांत जास्त येतो. स्पेक्ट्रम आणि अमिगाचे वेगळेपण जिथे महत्त्वाचे आहे तिथे त्यांचा उल्लेख येईल.

आधी वीज तपासा, यंत्राला न जोडता

कमोडोर ६४ चा जुना पॉवर सप्लाय दोन व्होल्टेज देतो: ५ व्होल्ट डीसी आणि ९ व्होल्ट एसी. त्याचा ५ व्होल्टचा रेग्युलेटर बिघडला की व्होल्टेज कमी होण्याऐवजी बऱ्याचदा वाढते. वाढलेले व्होल्टेज थेट रॅम आणि बाकीच्या चिप्सवर जाते. असा सप्लाय लावून यंत्र 'एकदा चालू करून बघू' म्हटले, तर तुम्ही महिनाभर शोधून आणलेली नवी सिडही त्याच क्षणी जाते.

सप्लायचा प्लग यंत्रात न घालता त्याच्या ५ व्होल्टच्या पिनांवर मल्टिमीटर लावा. ४.७५ ते ५.२५ च्या बाहेर आकडा दिसला, तर तो सप्लाय बाद. पण रिकाम्या सप्लायचा आकडा बरोबर आला म्हणून लगेच विश्वास ठेवू नका. ५ ओहम, १० वॅटचा रेझिस्टर लावून साधारण एक ॲम्पियरचा भार द्या आणि पंधरा-वीस मिनिटे आकडा पाहत राहा. तापल्यावर बिघडणारा सप्लाय तेव्हाच पकडला जातो. आत राळ ओतून बंद केलेले मूळ सप्लाय फोडण्याच्या फंदात पडू नये, त्यांच्यात मेनची वीज असते. माझ्या मते मूळ सप्लाय शोभेला ठेवावा आणि रोजच्या वापरासाठी ओव्हरव्होल्टेज संरक्षण असलेला नवीन सप्लाय घ्यावा.

आता यंत्राच्या बोर्डवर या. कमोडोर ६४ च्या जुन्या, लांब बोर्डवर ९ व्होल्ट एसीपासून दोन व्होल्टेज तयार होतात: ७८१२ रेग्युलेटरमधून १२ व्होल्ट, आणि ७८०५ मधून व्हिडिओ विभागासाठी वेगळे ५ व्होल्ट. व्हिक-२ ला हे दोन्ही लागतात, सिडला १२ व्होल्ट लागतात. १२ व्होल्ट गेले तर पडदा काळा आणि आवाज बंद. दोन कस्टम चिप्स एकदम मेल्यासारखे दिसते, दोष मात्र एका साध्या रेग्युलेटरचा किंवा फ्यूजचा असतो. व्हिक-२ च्या (६५६७ किंवा ६५६९) पिन १३ वर १२ आणि पिन ४० वर ५ व्होल्ट मोजा, जमीन (ग्राउंड, म्हणजे शून्य व्होल्ट) पिन २० वर. सिड ६५८१ च्या पिन २८ वर १२ आणि पिन २५ वर ५, जमीन पिन १४ वर.

इथे एक सवय मोडावी लागते. कोपऱ्यातली एक पिन जमीन आणि समोरची ५ व्होल्ट, असे गृहीत धरू नका. ६५२६ सीआयएची (कीबोर्ड आणि बाहेरच्या जोडण्या सांभाळणारी चिप) जमीन पिन १ वर आहे आणि ५ व्होल्ट पिन २० वर. ४१६४ रॅममध्ये ५ व्होल्ट पिन ८ वर आणि जमीन पिन १६ वर, म्हणजे ७४ मालिकेच्या अगदी उलट. प्रत्येक चिपचा पिनआउट (कोणती पिन कशाची याचा तक्ता) समोर ठेवूनच मीटर लावा.

स्पेक्ट्रमवर हे आणखी महत्त्वाचे आहे. त्याच्या खालच्या १६ केबीच्या ४११६ रॅमना +५, +१२ आणि –५ अशी तीन व्होल्टेज लागतात. –५ व्होल्ट गायब असताना यंत्र चालू ठेवले तर या रॅम जळतात. पडद्यावर कचरा दिसला की लोक यूएलए बदलायला निघतात, दोष मात्र व्होल्टेज तयार करणाऱ्या सर्किटमधल्या टीआर४ ट्रान्झिस्टरचा निघतो. ४११६ च्या पिन १ वर –५, पिन ८ वर +१२, पिन ९ वर +५. तिन्ही बरोबर दिसल्याशिवाय पुढे जायचे नाही.

मग क्लॉक आणि रीसेट

कमोडोर ६४ मध्ये प्रोसेसरचा (६५१०) क्लॉक, म्हणजे कामाचा ताल देणारा सिग्नल, व्हिक-२ कडूनच येतो. पाल (युरोप-भारतातली टीव्ही पद्धत) यंत्रात क्रिस्टल १७.७३४४७५ मेगाहर्ट्झचे असते आणि प्रोसेसर ०.९८५ मेगाहर्ट्झवर चालतो, एनटीएससीत (अमेरिकेतली पद्धत) १४.३१८१८ आणि १.०२३. ६५१० च्या पिन १ वर ऑसिलोस्कोप किंवा लॉजिक प्रोब लावून क्लॉक पाहा. तो नसेल तर व्हिक-२ कडे जाणारा डॉट क्लॉक (पडद्यावरच्या ठिपक्यांचा क्लॉक) पिन २२ वर पाहा. पिन २२ वर काहीच येत नसेल, तर दोष क्लॉक सर्किटचा. पिन २२ वर क्लॉक येतो, दोन्ही व्होल्टेज बरोबर आहेत, तरीही पिन १७ मधून काहीच बाहेर पडत नाही, तेव्हा व्हिक-२ वर संशय घ्यायला खरे कारण मिळाले. स्पेक्ट्रममध्येही तसेच: झेड८० च्या पिन ६ वरचा ३.५ मेगाहर्ट्झचा क्लॉक यूएलएकडून येतो.

रीसेट तपासायला ६५१० ची पिन ४० पाहा. चालू केल्यावर क्षणभर शून्य, मग ५ व्होल्टच्या आसपास. ती शून्यावरच अडकली असेल, तर आधी रीसेटचे सर्किट सोडवा.

लक्षणे फसवतात

अक्षरांचे रंग चुकीचे येणे किंवा लुकलुकणे: लोक व्हिक-२ मागवतात. आधी २११४ कलर रॅम पाहा, आणि तिला प्रोसेसरच्या डेटा बसशी जोडणारी ४०६६ पाहा. दोन्ही साध्या चिप्स.

काळा पडदा: सप्लाय आणि रॅमनंतर पीएलए (९०६११४-०१), म्हणजे कोणत्या वेळी कोणती चिप बोलेल ते ठरवणारी चिप, हा मोठा संशयित. ही मुळात ८२एस१०० प्रकारची चिप. तापते खूप आणि मरतेही खूप. रॅम तपासायला डेड टेस्ट कार्ट्रिज (निदानाचा प्रोग्राम असलेले कार्ट्रिज) उपयोगी पडते. कर्नल रॉम (यंत्र सुरू करणारा प्रोग्राम असलेली चिप) खराब असली तरी ते चालते, आणि रॅममध्ये दोष असेल तर पडदा किती वेळा लुकलुकतो त्यावरून कोणती रॅम ते कळते. पण त्यासाठी प्रोसेसर, व्हिक-२ आणि पीएलए जिवंत हव्यात, हे विसरू नका. डेड टेस्ट चालली नाही म्हणजे 'रॅम चांगली आहे' असा अर्थ होत नाही.

रॅमच्या आसपासच्या लॉजिक चिप्सही सुटू देऊ नका. कमोडोरच्या एमओएस या चिप कंपनीने स्वतः बनवलेल्या ७४ मालिकेच्या प्रती, उदाहरणार्थ ७४एलएस२५७ च्या जागी येणारी ७७०८, बऱ्याच मरतात.

कीबोर्ड किंवा जॉयस्टिक चालत नाही: पहिली सीआयए. डिस्क ड्राइव्ह ऐकत नाही: दुसरी सीआयए. दोन्ही ६५२६ एकसारख्याच असतात, आणि निदानासाठी याहून सोपे काही नाही. दोघी सॉकेटमध्ये असतील तर त्यांची अदलाबदल करा. दोष एका कामातून दुसऱ्या कामात गेला, तर चिप खराब. तिथेच राहिला, तर कनेक्टर, ट्रॅक किंवा केबल तपासा.

आवाज नाही: सिडच्या पिन २७ वरचा सिग्नल एका कपॅसिटरमधून ॲम्प्लिफायरला देऊन ऐका. या पिनवर डीसी व्होल्टेज असते, म्हणून कपॅसिटर हवाच. इथे आवाज स्वच्छ असेल तर सिड निर्दोष, दोष तिच्यापुढच्या ट्रान्झिस्टरमध्ये किंवा कनेक्टरमध्ये. सिड नसतानाही कमोडोर ६४ सुरू होतो. त्यामुळे सॉकेटमधली सिड काढून यंत्र चालू करून पाहणे हीसुद्धा एक चाचणी आहे: ती काढल्यावर मेलेले यंत्र जागे झाले, तर सिड डेटा बस (सगळ्या चिप्सच्या सामायिक तारा) ओढून धरत होती.

बोटाने तापमान पाहायची पद्धत उपयोगी आहे, पण तिचा अर्थ नीट लावावा लागतो. व्हिक-२, सिड आणि पीएलए चांगल्या असल्या तरी तापतातच. संशय घ्यायचा तो आठांपैकी एकाच रॅमवर, जी काही सेकंदांत शेजारणींपेक्षा खूप गरम होते. बोट हलके आणि क्षणभरच टेकवा. शॉर्ट झालेली चिप कातडी भाजते.

अमिगा ५०० सुरू होताना पडद्याचा रंगच बोलतो: हिरवा म्हणजे चिप रॅमपर्यंत (कस्टम चिप्सही वापरतात ती रॅम) पोहोचण्यात अडचण, लाल म्हणजे रॉमची चाचणी फसली. हिरव्यात रॅमइतकाच ॲग्नसच्या सॉकेटचाही दोष असू शकतो. ॲग्नस काढून, सॉकेट साफ करून पुन्हा बसवण्याने बरे झालेले अमिगा पुष्कळ आहेत.

सॉकेटमधली चिप काढणे

वीज बंद, प्लग बाहेर. मनगटाला १ मेगाओहमचा रेझिस्टर असलेला अर्थ पट्टा बांधा. या चिप्स जुन्या एनमॉस प्रकारच्या आहेत, स्थिर विजेने सहज मरतात. काढण्यापूर्वी फोटो घ्या, चिपची खाच कोणत्या बाजूला आहे ते दिसेल असा. शेजारशेजारच्या चिप्सच्या खाचा एकाच दिशेला असतीलच असे नाही.

चिप आणि सॉकेट यांच्यामध्ये पातळ, चपटे हत्यार घाला. एका टोकाने अर्धा मिलिमीटर उचला, मग दुसऱ्या टोकाने, पुन्हा पहिल्या. हत्यार सॉकेटच्या खाली, बोर्डवर, जाता कामा नये. तिथे ट्रॅक असतात आणि ते एका ओरखड्यात तुटतात.

चाळीस वर्षांच्या चिपचे पाय नीट पाहा. चांदीचा मुलामा काळा पडलेला असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि फायबरग्लास पेनाने हलके साफ करा. पायाच्या खांद्यापाशी, जिथे तो चिपमध्ये शिरतो, तिथे गंज खोलवर गेलेला असतो. तो पाय वाकवायचा प्रयत्न केला तर तुटतोच. अशी चिप एकदाच, सरळ, गोल पिनांच्या सॉकेटमध्ये बसवा आणि ते सॉकेटच यापुढे तिचे पाय समजा. पुन्हा कधी काढायची वेळ आली तर सॉकेटसकट काढता येते.

अमिगाची ॲग्नस चौकोनी, ८४ पिनांची असते आणि खोल सॉकेटमध्ये बसते. तिला पीएलसीसी (अशी चौकोनी चिप) काढायचाच चिमटा हवा. त्याचे आकडे सॉकेटच्या दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांत शिरतात. स्क्रूड्रायव्हरने एका कोपऱ्यातून उचकटली की सॉकेटचा कोपरा तुटतो, आणि मग ८४ पिनांचे सॉकेट बदलण्याचे काम अंगावर येते.

सोल्डर केलेली चिप काढणे

खूप बोर्डांवर कस्टम चिप्स थेट सोल्डर केलेल्या असतात. बोर्ड दोन बाजूंचे, प्रत्येक छिद्राच्या आत तांब्याची नळी. घाई केली की ही नळी चिपबरोबर बाहेर येते आणि वरच्या बाजूचा ट्रॅक तुटतो.

साधी रॅम किंवा लॉजिक चिप मेल्याची खात्री असेल तर तिचे पाय कापून टाका, एकेक पाय चिमट्याने काढा, छिद्रे साफ करा. बोर्डासाठी हीच सर्वांत सुरक्षित पद्धत. कस्टम चिपचे पाय मात्र मी कधीच कापत नाही. निदान चुकले असेल तर चांगली चिप कायमची हातची जाते.

कस्टम चिपसाठी असे करा. बोर्ड उभा किंवा उलटा धरता येईल असा स्टँड वापरा. प्रत्येक पिनवर फ्लक्स लावा आणि शिशाचे ताजे सोल्डर, ६३/३७ किंवा ६०/४०, थोडेसे घाला. काढायच्या जागीच नवीन सोल्डर घालणे उलटे वाटते, पण जुने सोल्डर ऑक्सिडाइझ झालेले असते आणि नीट वितळत नाही. ताजे त्यात मिसळले की सगळे एकदम वितळते. टोक ३३० ते ३५० अंश सेल्सिअसवर ठेवा. डिसोल्डर गन असेल तर नोझल पिनवर टेकवा, सोल्डर पूर्ण वितळेपर्यंत थांबा, मग नोझल गोल हलवत, म्हणजे पाय छिद्रात फिरवत, शोषून घ्या. हातपंपानेही जमते, फक्त वेळ लागतो.

जमिनीच्या पिना वेगळ्या वागतात. त्या तांब्याच्या मोठ्या पट्ट्याशी जोडलेल्या असतात, उष्णता पळून जाते, आणि वर सोल्डर वितळलेले दिसले तरी खाली ते घट्टच असते. तिथे तापमान न वाढवता मोठे टोक वापरा आणि जास्त वेळ द्या.

सगळ्या पिना झाल्या की चिप ओढू नका. एकेक पाय बारीक चिमट्याने बाजूला ढकलून पाहा. मोकळा पाय छिद्रात हलतो आणि हलका 'टिक' आवाज येतो. न हलणाऱ्या पायाला पुन्हा ताजे सोल्डर आणि पुन्हा शोषण. चाळीसही पाय टिक झाले की चिप जवळजवळ आपोआप वर येते. जोर लावावा लागतोय असे वाटले, तर कुठला तरी एक पाय राहिला आहे.

चिप निघाल्यावर बोर्ड अल्कोहोलने धुवा आणि प्रत्येक पॅडपासून त्या ट्रॅकच्या पुढच्या ठिकाणापर्यंत सलगता मोजा. हे कंटाळवाणे काम आहे, पण सॉकेट बसवल्यावर हेच तुटलेले पॅड शोधायला दहापट वेळ जातो.

सॉकेट निवडताना

सॉकेटशिवाय कस्टम चिप परत सोल्डर करायची नाही. दोन बाजूंनी पकडणारे चांगले सपाट पत्र्याचे सॉकेट किंवा गोल पिनांचे सॉकेट, दोन्ही चालतात. छिद्राची नळी निघून गेलेली असेल तर गोल पिनांच्या सुट्या पट्ट्या वापरा. त्यांना मधला प्लास्टिकचा भाग नसतो, त्यामुळे वरच्या बाजूनेही सोल्डर करता येते. आधी दोन समोरासमोरचे कोपरे सोल्डर करा, सॉकेट सपाट बसले का पाहा, मग बाकीच्या पिना.

एक गोष्ट टाळा: जाड चौकोनी पिनांचे हेडर असलेला पर्यायी मॉड्यूल पत्र्याच्या सॉकेटमध्ये दाबून बसवणे. त्याने सॉकेटची पकड रुंदावते आणि नंतर मूळ चिप त्यात सैल बसते.

कोणती चिप घालायची

नाव सारखे म्हणून चिप सारखी असते असे नाही. सिड दोन प्रकारची: ६५८१ ला १२ व्होल्ट, ८५८० ला ९ व्होल्ट. १२ व्होल्टच्या बोर्डवर ८५८० घातली तर ती गेली म्हणूनच समजा. फिल्टरचे कपॅसिटरही वेगळे: ६५८१ साठी साधारण ४७० पिकोफॅरड, ८५८० साठी २२ नॅनोफॅरड. व्हिक-२ चेही तसेच. जुन्या ६५६९ ला पिन १३ वर १२ व्होल्ट लागतात, नंतरच्या ८५६५ ला तिथे ५. शिवाय ६५६७ एनटीएससीची, ६५६९ पालची, आणि क्रिस्टल त्याच पद्धतीचे हवे. लहान बोर्डाच्या ६४सी मध्ये पीएलए वेगळ्या मोठ्या चिपमध्ये सामावलेली असते, तिथे ९०६११४-०१ चा काही उपयोग नाही.

जुनी म्हणून विकल्या जाणाऱ्या सिडमध्ये बनावट खूप. पुसून पुन्हा छापलेली चिप ओळखायला ॲसिटोनमध्ये बुडवलेला कापूस पृष्ठभागावर फिरवा: काळा रंग कापसाला लागला तर वर रंग चढवलेला आहे. कोपऱ्यातल्या गोल खळगीत रंग साचलेला दिसला तरी तोच अर्थ. छापलेला तारखेचा आकडा कमोडोर बुडाल्यानंतरचा असेल, तर आणखी काही पाहायची गरज नाही.

नवीन पर्यायी चिप्सबद्दल माझे मत स्पष्ट आहे: पीएलए नवीनच घ्या. जीएएल किंवा सीपीएलडीवर (हवे ते लॉजिक भरता येणाऱ्या चिप्स) बनवलेली पीएलए थंड चालते आणि मूळ चिपइतकीच बरोबर काम करते. २७सी५१२ इप्रॉममध्ये (पुसून पुन्हा भरता येणारी रॉम) पीएलएची सारणी भरून घालण्याची युक्ती जुनी आहे, पण इप्रॉमच्या आउटपुटवर बदलाच्या क्षणी चुकीचे कंप येतात आणि काही कार्ट्रिज व प्रोग्राम अडखळतात. निदानापुरती वापरा, कायमची नको. सिडसाठी आर्मसिड किंवा एफपीजीएवर (आतले सर्किट प्रोग्रामने ठरवता येणारी चिप) आधारलेले पर्याय चांगले आहेत. काही स्वस्त पर्यायांत पॅडल आणि माऊस वाचायची सोय नसते, ते आधी पाहा. व्हिक-२ साठी एफपीजीएवरची कवारी आणि स्पेक्ट्रमच्या यूएलएसाठी व्हीएलए८२ आहे. रॉम बदलताना लक्षात ठेवा की कमोडोरची २३६४ रॉम २४ पिनांची आणि २७६४ इप्रॉम २८ पिनांची, मध्ये ॲडॉप्टर लागतो.

सिडच्या बाबतीत मात्र मूळ चिप अर्धवट जरी चालत असली, तरी ती टाकू नये. फिल्टर गेलेली ६५८१ सुद्धा तीनही आवाज काढते, आणि दुसऱ्या बोर्डच्या निदानासाठी तिच्याइतकी उपयोगी वस्तू नाही.

बसवणे आणि पहिली वीज

नव्या किंवा बराच काळ ठेवलेल्या चिपचे पाय बाहेर फाकलेले असतात. चिप टेबलावर आडवी धरून पायांची पूर्ण रांग एकदम, अगदी थोडी, आत दाबा. सगळे पाय सॉकेटच्या तोंडाशी आले आहेत याची दोन्ही बाजूंनी खात्री करा, मग दोन अंगठ्यांनी टोकांपासून सारखा दाब द्या. चिपच्या पोटाखाली दुमडलेला एखादा पाय वरून दिसत नाही. बसवल्यावर बाजूने प्रकाश टाकून पाय मोजा. खाच फोटोशी ताडून पाहा.

वीज देण्यापूर्वी ५ व्होल्टची लाइन आणि जमीन यांच्यातला रोध मोजा. शून्याजवळ आला तर थांबा. चालू केल्यावर पहिली काही सेकंदे एक हात स्विचवर आणि दुसऱ्या हाताचे बोट नव्या चिपवर. ती झपाट्याने तापू लागली तर लगेच बंद, आणि दिशा पुन्हा तपासा. सगळे ठीक असेल तर तिच्या वीजेच्या पिना पुन्हा मोजा, या वेळी यंत्र चालू असताना.

मग झाकण लावून, म्हणजे उष्णता साचेल अशा स्थितीत, यंत्र दोन-तीन तास चालवा. तापल्यावर बिघडणारी चिप उघड्या बोर्डवर कधीच पकडली जात नाही. व्हिक-२ वर मूळ लोखंडी शील्ड असेल, तर तिची जीभ चिपला टेकते तिथली उष्णता वाहून नेणारी पेस्ट नवी लावा. पीएलए आणि सिडवर छोटे ॲल्युमिनियमचे हीटसिंक चिकटवा.

काढलेली चिप अँटिस्टॅटिक पिशवीत घाला आणि पिशवीवर लिहा: कोणत्या बोर्डातून काढली, कोणते लक्षण होते, कोणती कामे अजून चालतात.